सिस्टरांचा ड्युटी चार्ट

माझ्या नणंदेला मी कधी वन्सं म्हटलं नाही. सगळा दवाखाना, सगळं चर्च, आमची अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, मग मी तरी वेगळं काय म्हणणार? निपाणीकडच्या एका मिशन दवाखान्यात त्यांनी जन्मभर नर्सची नोकरी केली. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर एक ट्रंक, एक बायबल आणि एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन त्या बेळगावात आमच्याकडं राहायला आल्या. घड्याळ आमच्याकडं होतं. तरी त्यांनी आपलंच लावलं, कारण आमचं दोन मिनिटं मागं होतं.

तिथनं पुढं तेरा-चौदा वर्षं आम्ही दोघी एका घरात राहिलो आणि आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य गल्लीला पाठ झालं. माझा राग नाकावर असतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी तोंडावर मारायला नको. पण त्यांचंही काही कमी नव्हतं. फ्रीजच्या दारावर त्यांनी ड्युटी चार्ट चिकटवला होता. दूध कुणी आणायचं, पाणी कुणी भरायचं, जिना कुणी झाडायचा, सगळं पट्टीनं रेघा मारून, सकाळ-दुपार-संध्याकाळ. आमचे हे त्यांचे धाकटे भाऊ, ते बिचारे चार्ट बघून गुपचूप पिशवी उचलायचे. मी मराठी शाळेत शिकवते. दिवसभर चाळीस पोरांना ओळीत बसवून घरी यायचं आणि इथं फ्रीजनं मला सांगायचं की आज भांडी तुझी. एकदा मी तो कागद फाडला. दुसऱ्या दिवशी नवा लागला होता आणि माझ्या नावापुढं जिना दोनदा होता.

"माणसाला काम नेमून दिलेलं बरं असतंय," त्या म्हणायच्या. "रिकामा माणूस लवकर आजारी पडतोय." आणि फारच रागावल्या की कन्नडात जायच्या. "सुम्मन कुंडर," गप बस, हे त्यांनी मला जितक्या वेळा ऐकवलं तितकं त्यांच्या पेशंटांनीही ऐकलं नसेल.

त्या आल्या तेव्हा आमची मुलगी दोन वर्षांची होती. एकुलती एक. मी शाळेत, हे ऑफिसात, त्यामुळं पोरगी वाढली ती आत्याच्या मांडीवरच. चार्टवर तिचंही नाव असायचं: सकाळी चिमण्यांना दाणे, संध्याकाळी आत्याचा चष्मा शोधणे. सात-आठ वर्षांची झाली तेव्हा तिला खरं काम मिळालं. गल्लीतल्या पोरांना डॉक्टरनं सुई लिहून दिली की आया त्यांना ओढत सिस्टरांकडं आणायच्या. पोर भोकाड पसरायचं. मग आमची बया त्याच्यासमोर मांडी घालून बसायची आणि एकदम गंभीर चेहरा करून म्हणायची, "हलू नको हां, तुझ्या नाकावर मुंगी हाय." पोर डोळे तिरळे करून नाकाकडं बघायचं, तोवर सुई आत जाऊन बाहेर. सिस्टर तिला 'माझा स्टाफ' म्हणायच्या. पोरीला त्याचा इतका गर्व होता की तिनं त्यांची जुनी पांढरी टोपी मागून घेतली आणि ती घालूनच जेवायला बसायची.

एका जागी ती पाच मिनिटं टिकायची नाही. दुपारी निजवायला घेतलं की मलाच झोप लागायची आणि जागी होऊन बघावं तर ही माळ्यावर.

नऊ वर्षांची असताना ती तापानं गेली. पाच दिवस. त्या पाच दिवसांबद्दल मी इथं काही लिहिणार नाही.

भेटायला माणसं आली, चांगली माणसं, आणि प्रत्येकानं तेच सांगितलं. प्रभूजवळ विसावली. आता तिला विश्रांती. शांत झोपली लेकरू. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. जी पोरगी जिवंतपणी दुपारची दहा मिनिटं झोपली नाही, तिला तुम्ही सगळे मिळून कायमची झोपवून आलात, वर मलाच सांगताय की बरं झालं? कबरीच्या दगडावर 'चिरविश्रांती' कोरायचं ठरत होतं. मी ते कोरू दिलं नाही. दगडावर नाव आहे आणि दोन तारखा आहेत, बस्स. सगळ्यांत एकट्या सिस्टर अशा होत्या, ज्यांच्या तोंडून विश्रांती हा शब्द आला नाही. पण तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही.

दोन रविवार गेल्यावर मी दात आवळून चर्चला गेले. तिथं संडे स्कूलचा सगळ्यांत लहान वर्ग माझ्याकडं असायचा, अकरा वर्षं मी तो घेत होते. माझी मुलगीही त्याच वर्गातनं वर गेलेली. मी हातात खडू घेतला आणि फळ्याकडं वळणार, तोच पहिल्या ओळीतल्या पाच वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, "टीचर, ती आता तिकडं काय करते?"

तिनं अगदी साधं विचारलं. माझी मुलगी सुट्टीत संकेश्वरला आजोळी गेलीय आणि तिथं काय खेळते, असं विचारावं तसं. आणि मी मास्तरीण. पोरांच्या प्रश्नाला उत्तर नाही असं माझ्या बाबतीत सहसा होत नाही; येत नसलं तरी ठोकून देते. त्या दिवशी मात्र काही म्हणजे काही सुचलं नाही. झोपलीय म्हणू? ती पोरं तिला ओळखत होती, त्यांना ते खरं वाटलं नसतं. मी खडू टेबलावर ठेवला आणि घरी चालत आले.

त्यानंतर सहा वर्षं मी त्या वर्गात पाऊल टाकलं नाही. चर्चला जायची ती फक्त नाताळला, शेवटच्या बाकावर, आणि आशीर्वाद संपायच्या आत बाहेर. देवावर विश्वास नव्हता असं कुणी समजू नये. विश्वास होता म्हणून तर राग होता. माझं म्हणणं एवढंच होतं की त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळायला पाहिजे. माझी मुलगी काय करते? ते कळेपर्यंत मी त्या पोरांसमोर उभी राहणार नव्हते. शाळेतली पोरं चालायची, त्यांना ती माहीत नव्हती.

सिस्टरांना हे पटलं नव्हतं. दर शनिवारी संध्याकाळी, मी ताटं उचलायला लागले की त्या विचारायच्या, "उद्या येणार काय गं?"

"नाही."

"बरं."

संपलं. पुढच्या शनिवारी पुन्हा. सहा वर्षांचे शनिवार किती होतात ते ज्याला हौस असेल त्यानं काढावं.

मधे एक गोष्ट घडली ती सांगितली पाहिजे. रिटायर झाल्या तरी सिस्टर दर गुरुवारी सकाळच्या बसनं जांबोटीच्या बाजूला जायच्या. तिथल्या एका वाडीवर एका म्हातारीच्या पायाला जुनी जखम होती, तिची मलमपट्टी करायच्या. मग वाडीतली आणखी चारजण वाट बघत असायची. प्रत्येकाचं काम झालं की त्या विचारायच्या, तुमच्यासाठी प्रार्थना करू काय? वाडीत ख्रिस्ती कुणीच नव्हतं, पण नको म्हणणाराही कुणी भेटला नाही. पोरगी जाऊन वर्ष झालं असेल. सिस्टरांचा डावा हात मुरगळला होता म्हणून औषधाची पिशवी धरायला मी त्यांच्याबरोबर गेले. चार्टवर तसं लिहिलेलंच होतं.

म्हातारीची पट्टी झाली. मग एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. सहा-सात वर्षांची पोर, पायाला विळा लागलेला, धनुर्वाताची सुई द्यायची. पोरीनं जे रडणं काढलं ते समोरच्या डोंगरावर ऐकू गेलं असेल. दोघींनी धरली तरी सुटायला बघत होती. मी पिशवी घेऊन कोपऱ्यात उभी. आणि सिस्टरांनी सुई हातात धरून, हळूच, बाजूच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तशी माझ्या मुलीचं नाव घेतलं. "ये गं," म्हणाल्या. "जरा हिच्याकडं बघ."

पोर गप्प झाली. तिनं नाक खाजवलं. सुई टोचून झाली.

आता, पोरं नाक खाजवतातच. रडून रडून नाक वाहत असतंय, खाजवणार नाहीत तर काय करतील? मी पिशवी तिथंच ठेवली आणि बाहेर पडले ती तडक बसस्टॉपवर. पण जांबोटीची बस कुणाच्या रागावर सुटत नाही. अर्ध्या तासानं सिस्टरही आल्या आणि त्याच बाकावर बसल्या, दुसरा बाक नव्हता. पुढचे दोन तास आम्ही दोघी समोरच्या भातखाचरातले बगळे बघत होतो.

शेवटी मीच बोलले. "माझ्या पोरीला असं कुठंही हाक मारायची नाही."

"का?"

"ती मेलीय."

"मग?" सिस्टर म्हणाल्या. "मरण म्हंजे रिटायर होणं न्हवं गं. ती बदली हाय. ज्याला जे काम येतंय ते त्यानं तिथनं करायचं. प्रभूनं एवढं शिकवून माणसाला तयार करायचं आन् मग झोपवून ठेवायचं? असला कारभार कोण करंल?"

"नऊ वर्षांच्या पोरीला कामाला लावायला तुमच्या देवाला लाज वाटत नाही?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तिला बसवून ठेवायला लाज वाटंल," त्या म्हणाल्या.

मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. एका घरात, एका चुलीवर. मीठ पाहिजे असलं तरी यांच्यामार्फत. आज लिहिताना वाटतं, त्या बाईलाही त्या पोरीशिवाय दुसरं कुणी नव्हतं, आणि रात्रंदिवस जिला मांडीवर घेतलं तिला माती देऊन आल्यावर त्यांचं काय झालं असेल, हे मी एकदाही विचारलं नाही. माझं दुःख एवढं मोठं होतं की त्यात मला दुसऱ्याचं दिसत नव्हतं. याची मला लाज वाटते.

गेल्या वर्षी एका गुरुवारी सकाळी सिस्टर गेल्या. पिशवी भरून दारात ठेवलेली, खुर्चीवर बसून चपलेचा बंद लावत होत्या. मी आतनं म्हणाले, बस चुकंल हां. उत्तर आलं नाही म्हणून बाहेर येऊन बघितलं. एक चप्पल पायात होती आणि एक हातात.

त्या वेळी आमच्या चर्चला पाळक नव्हते. जुन्यांची बदली झाली होती, नवे यायचे होते. शेजारच्या मंडळीचे पाळक येऊन दफनविधी करून गेले. जांबोटीची म्हातारी मुलाच्या मोटरसायकलवर बसून आली आणि पायाची पट्टी सांभाळत कबरीपर्यंत चालत गेली.

तिसऱ्या दिवशी शनिवार आला. जेवणं झाली, मी ताटं उचलली, आणि माझ्या तोंडून आपोआप "नाही" गेलं. हे म्हणाले, "काय नाही?" मी म्हटलं, काही नाही. मोरीत जाऊन भांडी घासली. ज्या प्रश्नाचा सहा वर्षं वैताग केला, तो कुणी विचारत नाही म्हणून मी त्या दिवशी मोरीत बसून रडले.

महिन्यानं स्मरणाची उपासना ठेवली. नवे पाळक त्याच आठवड्यात येऊन रुजू झाले होते. तिशीतला माणूस, बिदरकडचा, उत्साही, इथं कोण कुणाचा याची काही कल्पना नाही. सिस्टरांबद्दल बोलायला त्यांना काहीतरी पाहिजे होतं, म्हणून यांनी ट्रंकेतनं सिस्टरांची जाड वही काढून नेऊन दिली. ती वही मी रोज बघत होते. पुढच्या निम्म्या भागात आजाऱ्यांची नावं असायची, त्यांच्यासाठी त्या रोज सकाळी प्रार्थना करायच्या. मागच्या निम्म्या भागात काय आहे ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. यांना दुसऱ्याची वही उघडायची सवय नाही आणि मला सिस्टरांचं काही बघायचं नव्हतं.

पाळकांनी वही उघडली ती मागनं.

उपासनेत त्यांनी सिस्टरांच्या सेवेबद्दल दोन शब्द चांगले सांगितले. मग म्हणाले, "पण ही सेवा त्या एकट्या करत नव्हत्या. त्यांच्या वहीत मला त्यांच्या मदतनिसांचा ड्युटी चार्ट मिळाला. कुणाकडं कुठलं काम, सगळं लिहिलंय. ही गुप्तपणे सेवा करणारी माणसं आज आपल्यात बसली असतील. मी नावं वाचतो. ज्याचं नाव येईल त्यानं कृपया उभं राहावं, म्हणजे मंडळीला त्यांचे आभार मानता येतील."

मी शेवटच्या बाकावर होते, पदर डोक्यावरनं घेऊन. पहिलं नाव वाचलं. ते आमचे फार जुने पाळकसाहेब, माझ्या लग्नाच्याही आधी वारलेले. कुणी उभं राहिलं नाही. "आलेले दिसत नाहीत," नवे पाळक म्हणाले. दुसरं नाव पेटी वाजवणाऱ्या एका काकांचं. लोक एकमेकांकडं बघायला लागले. "हेही नाहीत?" तिसरं नाव माझ्या सासूबाईंचं. तेव्हा पुढनं एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "ती कुठनं येनार बाबा, तिला जाऊन वीस वर्सं झाली." तिला स्वतःला ऐकू कमी येतं, त्यामुळं तिचं बोलणं सगळ्या चर्चला ऐकू जातं. पण पाळकांना वाटलं, ती एकाच नावाबद्दल बोलतेय. त्यांनी मान हलवून हळहळ दाखवली आणि पुढचं नाव वाचलं.

ते माझ्या मुलीचं होतं.

सहा वर्षांत ते नाव कुणी माझ्यासमोर मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. मी ताडकन उठले. खरं सांगते, माझ्या मनात एकच होतं, पुढं जाऊन त्या माणसाच्या हातातनं वही हिसकावून घ्यायची आणि घरी जाऊन चुलीत घालायची. पण मी उठले मात्र, आणि पाळकांचा चेहरा उजळला. इतक्या वेळानं कुणीतरी उभं राहिलं होतं. त्यांनी मला आयुष्यात कधी बघितलेलं नव्हतं. वहीत आडनावं नव्हती, वयं नव्हती. त्यांना वाटलं, ते नाव माझंच.

त्यांनी दोन्ही हात जोडले. "भगिनी," ते म्हणाले, "तुमच्या नावापुढं सिस्टरांनी लिहिलंय, 'सुईला भिणारी लेकरं'. किती लेकरांना तुम्ही धीर दिला असेल. बाहेर कुणाला दिसलं नाही, पण काम चालूच होतं. ही मंडळी तुमची आभारी आहे. प्रभू तुमचे श्रम विसरणार नाही. बसा."

मग कुठंतरी एका बाईचा हुंदका फुटला, मग आणखी एकीचा. त्यातल्या कितीजणींची पोरं आमच्या ओट्यावर सुई टोचून घेऊन गेली होती. आमचे हे पुढच्या बाकावर दोन्ही हातांत तोंड धरून बसले. मी उभीच होते. हिसकावून घ्यायला निघालेले माझे हात बाकाला धरून होते. माझ्या मुलीचे आभार मानले गेले होते, मोठ्यानं, सगळ्यांसमोर, एखाद्या कामाच्या माणसाचे मानावेत तसे, आणि तिच्या वतीनं ते मी घेतले होते. मी बसले.

पाळक संध्याकाळी वही परत द्यायला घरी आले. कुणीतरी सांगितलं असणार. दहा वेळा माफी मागून झाली, चहा गार झाला, मग त्यांनी हळूच विषय काढला. आपल्या शिकवणीत हे बसत नाही, गेलेल्यांना असं काही सोपवता येत नाही, सगळं प्रभूच करतो, वगैरे. मी ऐकून घेतलं. एरवी ऐकलं नसतं.

"प्रभूच करतो," मी म्हटलं. "पण हाताखाली कुणी असलं तर बिघडतं काय? तुम्हाला तरी कमिटी आहे ना?"

त्यांनी गार चहा पिऊन टाकला. जाताना दारात चपला घालता घालता थांबले. "त्या जुन्या पाळकसाहेबांना सिस्टरांनी काय काम दिलंय?"

मी वही उघडून बघितलं. "चर्च कमिटीतली भांडणं."

"अजून?"

"तेवढंच. शेऱ्यात लिहिलंय, काम फार आहे."

त्यांनी जरा विचार केला. "मग ते राहू द्या," म्हणाले, आणि गेले.

ते गेल्यावर आम्ही दोघं स्वयंपाकघरात वही घेऊन बसलो. सिस्टरांचं अक्षर, पट्टीनं मारलेल्या रेघा, चार रकाने: कुणाची काळजी, कुणाकडं सोपवली, कामाची वेळ, शेरा. चर्चमधलं, दवाखान्यातलं, गल्लीतलं जे कुणी गेलं होतं, त्या प्रत्येकाला काम होतं. दवाखान्यातल्या जुन्या आचाऱ्याकडं अन्नावरची वासना गेलेले पेशंट. पेटीवाल्या काकांकडं मुकी होऊन बसलेली माणसं. आमच्या गल्लीतली एक जैन आज्जी होती, सिस्टरांची मैत्रीण, तिच्याकडं नव्या सुना. "आक्कानं धर्म पण बघितला न्हाई," हे म्हणाले, आणि रडता रडता हसले. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात न्हाई म्हणतात. हिची मेल्यावर पण जाणार न्हाई."

मुलीच्या ओळीवर मी बोट ठेवलं. सुईला भिणारी लेकरं. वेळेच्या रकान्यात: दिवसा. शेरा: 'हुशार. लेकरं ऐकतात. नाईट लावू नये, लहान आहे.'

माझं बोट तिथनं हलेना. सहा वर्षं मला सगळ्यांनी सांगितलं होतं की तिला आता काही लागत नाही. आणि ही बाई दर सकाळी उठून, ती लहान आहे हे लक्षात ठेवून, तिला रात्रीचं जागवत नव्हती.

शेवटच्या पानावर मी स्वतः सापडले. काळजीच्या रकान्यात: भावजय. पुढं खाडाखोड. आधी सासूबाईंचं नाव, त्यावर रेघ, शेरा: 'ऐकत नाही.' मग जुने पाळकसाहेब, रेघ, 'त्यांचंही ऐकत नाही.' मग पेन्सिलनं माझ्या मुलीचं नाव लिहून खोडरबरानं पुसलेलं, तरी दिसत होतं, आणि पुढं: 'नको. पोरीवर आईचा भार नको.' आणि सगळ्यांत खाली, पेननं, ठळक: 'मी स्वतः. रुजू झाल्यावर. दुसऱ्या कुणाला झेपायची नाही.'

"बघा," मी यांना म्हटलं, "जाता जाता पण टोमणा." तेरा-चौदा वर्षं जिच्याशी भांडले, ती बाई वर पोचल्यावर पहिलं काम म्हणून मला घेऊन बसली होती. असा जीव मला कुणी लावला असेल असं मला खरंच वाटलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी ताटं उचलली. फ्रीजवर त्यांचा शेवटचा चार्ट अजून होता, कोपरे वळलेला. कुणी काही विचारलं नाही. "येते, येते," मी म्हटलं. "उगाच मागं लागू नका." हे वर्तमानपत्रातनं बघायला लागले, पण त्यांनी काही विचारलं नाही. शहाणे आहेत.

रविवारी मी लहान वर्गात गेले. बाकं तीच, पोरं सगळी नवी. खडू हातात घेतला. मी फळ्याकडं वळणार, तोच पहिल्या ओळीतल्या एका चिमुरडीनं हात वर केला. मला ठाऊक होतंच.

"टीचर, त्या दिवशी पाळकांनी नाव घेतलं ती तुमची मुलगी ना? ती आता काय करते?"

"कामावर आहे," मी म्हटलं.

"कुठलं काम?"

"सुई टोचताना पोरं रडतात ना, त्यांना गप्प करायचं. ती त्यांना सांगते, हलू नको, तुझ्या नाकावर मुंगी आहे."

चिमुरडीनं डोळे तिरळे करून नाकाकडं बघितलं. मग सगळ्या वर्गानं बघितलं.

"मग तिला सुट्टी कधी असते?"

"ते सिस्टरांना विचारलं पाहिजे. ड्युटी त्या लावतात." मी फळ्याकडं वळले आणि तारीख लिहायला घेतली. पोरांकडं पाठ करूनच सांगितलं, "पण रात्रीचं तिला कधी बोलवत नाहीत. लहान आहे ती अजून."